केबिनमधलं इंजिन कव्हर
महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. नाशिकहून भंडारदऱ्याकडे अशा गाड्या निघाव्यात, हे चांगलंच. पण कॅराव्हॅन ट्रॅव्हलरसारख्या मिनीबसवर बांधली, तर इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये येतो. त्यावरच्या कव्हरवर अखंड गालिचा, कपाट, वायरी बसवल्या की ते उघडणंच टाळलं जातं. त्याखालच्या होजची छोटी गळती मग लक्षात येत नाही आणि घाटाच्या चढावर गाडी थांबवते. म्हणून गालिचा कव्हरच्या कडेला कापावा, वायरींना सुटा जोड द्यावा, स्क्रूऐवजी ओढून बसणाऱ्या कड्या लावाव्यात. अशाने उष्णता, आवाज, धूर आत येईल, ही शंका रास्त आहे. मात्र फट बंद होते ती कडेचं रबर सगळीकडे सारखं दाबलं गेल्यामुळे, स्क्रूंच्या संख्येमुळे नव्हे. चांगली कडी तोच दाब देते. रबर चिरलेलं असेल तर आधी ते बदलावं.