चार वेटोळ्यांची कडी

मोतीबिंदूपर्यंत पोहोचायची वाट बाहुलीतून जाते. शस्त्रक्रियेआधी थेंब टाकून ती सहा-सात मिलिमीटर रुंद करतात. मात्र जुना मधुमेह, आतल्या सुजेने चिकटलेली आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) किंवा नुसतं वय, यांमुळे काही डोळ्यांत ती उघडतच नाही. पूर्वी अशा वेळी ती ताणत, कडेला बारीक छेद देत, नाहीतर चार वेगळ्या छिद्रांतून चार आकडे घालून खेचून धरत.

एका शल्यविशारदांच्या परवानगीने मी सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर बाहुली उघडी धरणारी मॅल्युगिन रिंग बसताना पाहिली. मॉस्कोचे नेत्रशल्यविशारद बोरिस मॅल्युगिन यांची ही रचना. टाक्यांसाठी वापरतात त्याच पॉलिप्रॉपिलिनच्या तंतूची ही चौकोनी कडी ६.२५ किंवा ७ मिलिमीटरची असते.

माझी नजर खिळली ती तिच्या कोपऱ्यांवर. प्रत्येक कोपऱ्यात तंतूला एक वेटोळं आहे. वहीच्या पानाला क्लिप बसावी तशी आयरिसची कड त्या वेटोळ्याच्या फटीत शिरते. कडी नळीतून मिटलेली आत जाते. डॉक्टर आधी समोरचा कोपरा अडकवतात, मग दोन्ही बाजूंचे, शेवटी जवळचा. चौथा बसला की बाहुली पूर्ण उघडते. ताण सगळीकडे वाटला गेल्याने कड सहसा फाटत नाही. काम संपल्यावर कोपरे सोडवून कडी त्याच नळीत परत ओढतात. कोलकात्याचे डॉ. सुवेन भट्टाचार्जी यांनी तर वेटोळीच काढून टाकली. त्यांची षटकोनी सपाट कडी मिलिमीटरभर छेदातून आत जाते. मला ती अधिक देखणी वाटली.

तरी हे सोपं नाही. डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ असला तर कडी फिरवायला जागा नसते. वेटोळं चुकून भिंगाच्या आवरणाच्या कडेला अडकलं तर आवरण फाटू शकतं. शिवाय आयरिसच लुळी पडली तर? अमेरिकेतल्या चँग आणि कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांची आयरिस शस्त्रक्रियेत हेलकावे खाते, छेदातून बाहेर येऊ पाहते आणि बाहुली मध्येच आकसते. अशी बाहुली नुसती ताणून टिकत नाही. गोळी आधी काही दिवस बंद केली तरी भरवसा नाही. डॉक्टरांना आधी कळलं तर मात्र ते कडी किंवा आकडे तयार ठेवतात.

म्हणून घरातल्या आजोबांची मोतीबिंदूची तारीख ठरली असेल, तर त्यांच्या लघवीच्या गोळीचं नाव डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, ती वर्षापूर्वी बंद झाली असली तरी.