एका सतरंजीवर, एका सुरात

मराठी ख्रिस्ती समाजाविषयी जे छापून येतं, त्यात धर्मांतराचे वाद असतात, दुष्काळ असतात, मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने असतात. हीच माणसं रविवारी सकाळी धुतलेले कपडे घालून, हातात बायबल आणि गीतांचं पुस्तक घेऊन चर्चकडे निघतात, तेव्हा त्यांना तिथे कोणता आनंद भेटतो, हे विचारणारं लेखन मात्र थोडं. चारशे वर्षांचा हा इतिहास त्या प्रश्नाच्या वाटेने वाचून पाहावा. वाद घालण्यासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र येत नाहीत. ती गाण्यासाठी येतात, एकमेकांच्या शेजारी बसण्यासाठी येतात, आणि आपलं सुखदुःख चारचौघांत उघडपणे देवापुढे मांडता येतं म्हणून येतात.

गाण्याची गोष्ट सुरू होते गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली तिथे आला आणि पुढचं बहुतेक आयुष्य साष्टीच्या भागात राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची त्याच्याकडे एक तक्रार होती. पूर्वी पुराणं ऐकायला मिळत, आता ऐकायला काही नाही. धर्म मिळाला होता, पण संध्याकाळ सुनी झाली होती. स्टीफन्सने ही तक्रार क्षुल्लक मानली नाही. त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचलं आणि १६१६ साली राशोल इथे ते रोमन लिपीत छापलं. १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणावारी चर्चांतून त्याचं वाचन होई. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवर बंदी घालणारा हुकूम काढला, तरी हस्तलिखितांतून हे पुराण टिकलं. १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा ग्रंथाला तीनशे वर्षं होत आली होती. भक्ताला रस लागतो, नुसती शिकवण पुरत नाही, हे या परक्या माणसाने ओळखलं आणि त्यासाठी ज्ञानेश्वर-एकनाथांचीच ओवी हाती घेतली.

अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) हा धडा नव्याने शिकावा लागला. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ साली सुरू झालं आणि दोन वर्षांत पहिली मंडळी स्थापन झाली. त्या काळच्या उपासनेतली बरीच गीतं इंग्रजी चालींत मराठी शब्द बसवून तयार केलेली असत. शब्द कळत, पण मान डोलत नसे. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा चित्र बदललं. वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग, आख्यान असा सगळा घाट ओळखीचा आणि कथा येशूची. गावकुसाबाहेरच्या ज्या माणसांना कीर्तन आजवर दुरून ऐकावं लागलं होतं, ती आता कीर्तनकाराच्या पुढ्यात बसू लागली.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजातून उभ्या राहिल्या. ज्याला देवळाच्या पायरीशीही जाता येत नव्हतं, त्याला आता उपासनेत बसायला जागा होती. प्रभुभोजनाच्या वेळी एकच भाकर मोडून सर्वांत वाटली जाई आणि द्राक्षरसाचा एकच पेला सगळ्यांच्या ओठी लागे. आज वाचताना हे साधं वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात ही मोठी उलथापालथ होती. हरिपंत खिस्ते यांच्यासारखा ब्राह्मण १८३९ साली या मंडळीत आला, तो याच पेल्यापाशी आला. जात चर्चच्या दाराशी संपली असं मात्र म्हणता येणार नाही. सोयरिकीच्या बोलण्यात ती अजूनही डोकावते आणि त्याची खंत समाजातल्या विचारी माणसांनी वेळोवेळी बोलून दाखवली आहे. तरीही त्या एका पेल्याने माणसांना काय दिलं याचा हिशेब कमी लेखू नये.

तो हिशेब सर्वांत प्रामाणिकपणे मांडला आहे लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एक दिवस मनातली ती भिंत आपोआप कोसळली आणि त्या कोणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना जाणवतं, की त्यांच्या श्रद्धेची सुरुवात तत्त्वचर्चेतून झालेली नाही. ती सुरू होते माणसाचा विटाळ गेला या सुटकेच्या आनंदातून. त्यानंतर त्यांचं घर कसं भरून गेलं, हे त्या पुस्तकात पानोपानी दिसतं. अनाथ मुलं, आजारी शेजारी, वाट चुकलेले विद्यार्थी, सगळे तिथे. बालकवी ठोंबरेही नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्या घरात जेवायला बसण्यासाठी धर्म बदलावा लागत नव्हता.

टिळकांनी मराठी उपासनेला स्वतःचा गळा दिला. अभंग, ओवी, पदं, भजनं अशा शेकडो रचना त्यांनी केल्या. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली त्यांची गीतं आजही गायली जातात, आणि गाणाऱ्या कित्येकांना कवीचं नाव पाहण्याची गरजही पडत नाही इतकी ती पाठ झालेली असतात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असं ते सांगत. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावं अशी ती योजना होती. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार पुरता भरलाच नाही. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लहानपणी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईने महाकाव्याचे उरलेले अध्याय लिहावेत, ही मराठी साहित्यातली मोठ्या आनंदाची घटना आहे आणि ती अजून पुरेशी साजरी झालेली नाही.

केडगावची गोष्ट याहून वेगळी. पंडिता रमाबाई पुराणिक अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. पुराण सांगत देशभर पायी फिरलेल्या. आईवडील त्यांनी दुष्काळात गमावले होते, म्हणून १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. शेती, विणकाम, दूधदुभतं, छापखाना, सगळं काम बायकाच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी काही जणींना बोलावलं, तेव्हा सत्तरच्या आसपास बायका जमल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. महिन्याच्या अखेरीस जे घडलं त्याला ‘मुक्तीचं पुनरुज्जीवन’ म्हणतात. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. आधी ओक्साबोक्शी रडल्या, आपली पापं उघड बोलून दाखवली, आणि मग टाळ्या पिटून गाऊ लागल्या, हसू लागल्या, नाचल्या. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हे अतिरेकी वाटलं. रमाबाईंनी ते थांबवलं नाही. आयुष्यभर आवाज दाबून ठेवायला लावलेल्या या बायका होत्या. त्यातल्या किती तरी बालविधवा होत्या, पांढऱ्या पायाच्या म्हणून घराबाहेर काढलेल्या. त्यांना मोठ्याने हसायचा हक्क कुठे मिळाला तर तो त्या प्रार्थनागृहात. त्यानंतर त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. घराबाहेर काढलेली बाई स्वतःहून घरोघर जाऊ लागली, या बदलाकडे इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यायला हवं होतं.

रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते बाईमाणसाला आणि मुलांना वाचता यावं म्हणून. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

वसईकडे वळलं की सूर बदलतो. इथली कॅथॉलिक वस्ती पोर्तुगीज काळापासूनची. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांची, आणि केळी, फुलं, पानवेली, भाजीपाला पिकवणारी. जपानमध्ये नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया याच मातीतले. पण शतकानुशतकं इथली मिस्सा लॅटिनमध्ये चाले. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला परवानगी दिली आणि वसईच्या चर्चांत मराठी आली. पूर्वी घंटी वाजली की गुडघे टेकायचे, एवढंच ज्यांना कळत होतं, त्या आजीबाई आता प्रत्येक वाक्याला प्रतिसाद देऊ लागल्या. गायनमंडळं तयार झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’चं संपादन केलं आणि धर्म, पर्यावरण, साहित्य हे एकाच मासिकात नांदवलं. हरित वसईच्या आंदोलनात ते पुढे होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले.

वसईत या एकत्र येण्याला पैशाचीही बाजू आहे आणि ती सांगायला संकोच कशाला? सावकाराच्या कर्जात पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली पतसंस्था काढली. तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

नागपूरला तर २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळे चर्चपंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आलं. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या वयात, या प्रश्नावर युरोपात रक्त सांडलं होतं. इथे दोन्ही पद्धती मान्य करून माणसं एका छत्राखाली आली. नंतर मालमत्तेचे दावे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, हे खरं. पण जगात फार थोड्या ठिकाणी जमलेली गोष्ट विदर्भात जमली होती.

त्याच १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला आलं. लग्नाच्या वेळीच दोघांनी खेड्यातल्या गरिबांसाठी राबायचं ठरवलं होतं. त्यांनी गावोगावच्या निरक्षर, बहुतेक दलित बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. प्रशिक्षणाला आलेल्या सवर्ण बायका सुरुवातीला वेगळ्या झोपत, तेव्हा सगळ्यांना मिळून एकच भलं मोठं पांघरूण शिवलं गेलं. थंडी वाजायची तर सगळ्यांना एकत्र, ऊब घ्यायची तीही एकत्र. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामात प्रवचन फार नव्हतं, पण प्रभुभोजनाच्या त्या पेल्याशी या पांघरुणाचं नातं स्पष्ट आहे.

आजच्या साध्या रविवारी काय होतं? नेवासा, राहुरी, श्रीरामपूरकडच्या एखाद्या लहान चर्चमध्ये दाराशी चपलांचा ढीग, आत सतरंज्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, पुढे पेटी आणि ढोलकी. गीत सुरू होतं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत टाळ्यांची लय बसते. मग पाळकसाहेब उपकारस्तुतीची पाकिटं वाचून दाखवतात: नातवाचा वाढदिवस, विहिरीला लागलेलं पाणी, मुलीची नोकरी, आईचं निर्विघ्न पार पडलेलं ऑपरेशन. रक्कम लहान असते. पण कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्या मंडळीला कळतं आणि पुढच्या प्रार्थनेत ते नाव येतं. कुणी साक्ष द्यायला उभं राहतं. बोलायची सवय नसलेली बाई पदर सावरत दोन वाक्यं बोलते, मध्येच थांबते, आणि मागून कुणी तरी ‘हालेलूया’ म्हणून तिला सावरून घेतं. शहरात एकट्याने औषधाच्या गोळ्या मोजत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना हे किती दुर्मीळ आहे ते विचारावं.

वर्षभराचाही असाच क्रम असतो. शुभ शुक्रवारी दुपारी बारापासून तीनपर्यंत क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पुनरुत्थानाच्या पहाटे उपासना, नाताळात रात्रभर घरोघर गाणारी पोरं, एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीची प्रार्थना. सप्टेंबरात हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेला कॅथॉलिकांबरोबर इतर धर्मांचेही लोक नवस फेडायला येतात. मुंबई-वसईकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोक ‘आगेरा’ करतात आणि नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत वेदीपाशी नेऊन आशीर्वाद घेतात.

नगरकडचा सुगीचा सण, बोलण्यात सरळ ‘हार्वेस्ट’, या सगळ्यांत गमतीचा. प्रत्येकाने आपल्या शेतातलं, परसातलं काही तरी आणायचं. बाजरीची गोणी, ऊस, भोपळे, कोंबडी, अंडी, घरी केलेले लाडू, विणलेला रुमाल. उपासना झाली की अंगणात लिलाव मांडतात. खणखणीत आवाजाचा कुणी तरी बोली पुकारतो आणि दहा रुपयांचा भोपळा तीनशेवर चढतो. ज्याने आणला तोच कधी कधी तो परत विकत घेतो, शेजाऱ्याला हटवण्यासाठी पन्नास रुपये जास्त देऊन, आणि मग तिथेच पुन्हा दान करतो, की पुन्हा बोली सुरू. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं या दिवशी मुद्दाम गावी येतात आणि आईने पाळलेल्या कोंबडीवर एकमेकांविरुद्ध बोली लावतात. जमलेल्या पैशांतून चर्चचं छप्पर दुरुस्त होतं, पाळकसाहेबांचा पगार निघतो, एखाद्या मुलाची कॉलेजची फी भरली जाते. लिलाव संपता संपता मोठ्या पातेल्यातलं मटण आणि भात तयार झालेला असतो, आणि वाढायला तरुण मंडळाची पोरं उभी असतात.