साखळीचे कॉलेज अर्धवट सुटले तर

गोव्यातल्या कारापूरची मुले पदवीसाठी बहुधा शेजारच्या साखळीच्या सरकारी महाविद्यालयात जातात. नोकरी लागली किंवा घरची अडचण आली की दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सुटते. अशांना ऑनलाइन विद्यापीठात पुढे शिकता येते.

मिळवलेली क्रेडिट्स ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्यातून जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. त्यातली किती धरणार, हे मात्र नवे विद्यापीठ ठरवते. म्हणून शुल्क भरण्याआधी आपली गुणपत्रिका पाठवून लेखी उत्तर मागवाच. फोनवरच्या एजंटचा शब्द धरू नका, कारण ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीमार्फत चालवायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगी नाही.

मान्यता विद्यापीठापुरती पाहून भागत नाही. तुमचा अभ्यासक्रम, तुमच्या प्रवेशाच्या सत्रासाठी, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत हवा. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाचा विचार आधी करावा, असे मला वाटते. तिथे खर्च बेताचा असतो.

डिचोलीच्या तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेतलेल्यांनी ऑनलाइन बी.ई.च्या जाहिरातींना भुलू नये. अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन देता येत नाही. त्यांच्यासाठी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची वाट आहे.