जीवनाचे रेणू आणि सिकलसेल



सिकलसेल हा शब्द नागपुरात आणि एकूणच विदर्भात नवा नाही. हातपाय दुखतात म्हणून वारंवार शाळा बुडवणारा, डोळे पिवळसर दिसणारा एखादा मुलगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कोणी त्याला कावीळ म्हणतो, कोणी वात म्हणतो, तर कोणी मागच्या जन्मीचे भोग. हा आजार खरोखर काय आहे हे समजून घ्यायचे, तर आपले शरीर कोणत्या पदार्थांचे बनले आहे येथून सुरुवात करावी लागते.

कार्बनचे चार हात

आपल्या शरीराच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः कार्बनयुक्त, म्हणजे सेंद्रिय रेणू असतात. कार्बनच्या अणूला जणू चार हात असतात. त्या हातांनी तो दुसऱ्या कार्बनला, तसेच हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजनला धरतो आणि लांबच लांब साखळ्या तयार होतात. असे पदार्थ सजीवांच्या शरीरातील एखाद्या गूढ जीवनशक्तीमुळेच तयार होतात, असे एके काळी विद्वानही मानीत. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलर यांनी मूत्रात आढळणारा युरिया प्रयोगशाळेत तयार केला आणि या समजुतीला तडा गेला. राजा असो की रंक, सर्वांचे शरीर त्याच अणूंचे बनलेले आहे.

रेणूंचे चार गट

पहिला गट कर्बोदकांचा. ज्वारीच्या दाण्यातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची साखळी. कडब्यातील सेल्युलोजही ग्लुकोजचीच साखळी, मात्र तिच्यातील कणांची जोडणी वेगळी. म्हणून दाण्याची भाकर आपल्याला पचते आणि कडबा बैलाला. तोही त्याच्या पोटातील सूक्ष्मजीवांच्या मदतीने. घटक तोच, पण जोडणी बदलली की गुणधर्म बदलतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरा गट मेदांचा. जवसाचे तेल, तूप, लोणी हे याच गटातले. शरीर त्यांत ऊर्जा साठवते. प्रत्येक पेशीभोवतीचे पातळ आवरणही मुख्यतः मेदवर्गीय रेणूंचेच असते.

तिसरा गट प्रथिनांचा. वरणातून, अंड्यांतून, मांसातून आपल्याला प्रथिने मिळतात. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ठरावीक क्रमाने ओवले की प्रथिनाची माळ तयार होते. स्नायू, केस, पाचकरस, रक्तातील हिमोग्लोबिन ही सारी प्रथिनांची कामगिरी होय.

चौथा गट न्यूक्लिक आम्लांचा. डीएनए हा त्यांतील प्रमुख. कोणत्या माळेत कोणता मणी कोठे ओवायचा याची सूचना ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत डीएनएमध्ये लिहिलेली असते. ही सूचना म्हणजेच जनुक. ती आईकडून एक व वडिलांकडून एक, अशी आपल्याकडे येते.

एक मणी बदलला की

'वरण' या शब्दातील एक अक्षर बदलले तर 'मरण' होते. हिमोग्लोबिनचे असेच आहे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या या रेणूत चार माळा असतात. दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेत १४६ मणी असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे. जनुकातील एका 'ए'च्या जागी 'टी' आला की तेथे व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवते, व्हॅलिनला मानवत नाही. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब कांड्या होतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्तक्षय होतो आणि डोळे पिवळे दिसतात.

हा आजार रेणूतील बिघाडाचा आहे हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. ज्या ऑक्टोबर १९५६ मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली, त्याच महिन्यात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा फरक हिमोग्लोबिनच्या एका लहानशा तुकड्यात असल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी बदललेला मणी नेमका कोणता, तेही त्यांनी सांगितले. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

दोष कोणाचाच नाही

विदर्भात हा जनुक आदिवासी, बौद्ध व इतर काही समाजांत अधिक आढळतो. याचे कारण पाप नव्हे, हिवताप आहे. ज्याच्याकडे असा एकच जनुक असतो, तो वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. म्हणजे सिकलसेलग्रस्त मुलाला बदललेला जनुक दोन्हीकडून मिळालेला असतो. तरीही घरोघरी बोल लावला जातो तो सुनेला! तिला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

आमची नम्र विनंती आहे की लग्नापूर्वी मुलगा व मुलगी या दोघांनीही रक्ततपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयांत ती होते. कुंडली जुळविण्याची प्रथा आपण सोडली. तिच्या जागी हा कागद जुळवावा. वाहक असणे हा कलंक नाही. दोन वाहकांनी मात्र विवाहापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. रुग्णांनी भरपूर पाणी प्यावे, थंडी व ताप यांपासून जपावे आणि हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. पण घरातील माणसे तपासणीला गेलीच नाहीत, तर कोणतेही अभियान अपुरे पडेल.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते दूर करण्याचा मार्गही आहे, असे तथागतांनी शिकविले. सिकलसेलच्या दुःखाचे कारण एका बदललेल्या मण्यात आहे, हे विज्ञानाने दाखवून दिले. ते शाळेच्या पुस्तकातून घरापर्यंत पोहोचविणे हे आता आपल्या शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे. ते त्यांनी करावे, हीच अपेक्षा.

जय भीम!