टर्मिनलच्या खिडकीचा आकार : दोष ओळखणे व दूर करणे

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• खिडकीचा आकार आज्ञावलीपर्यंत कसा पोहोचतो, ते सांगणे.
• पडद्यावरील दोष आणि मजकुरातील दोष यांत भेद करणे.
• चुकीचा आकार तपासून दुरुस्त करणे.

(आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या लहान रोमन अक्षरांत टंकाव्यात.)

१. प्रस्तावना

युनिक्स वा लिनक्स प्रणालीवर मजकुराचे काम करताना कधीकधी एक चमत्कारिक अनुभव येतो. लांब ओळ टंकत असता ती खाली न उतरता स्वतःच्याच आरंभावर चढते. व्हीआय संपादकात फाईल उघडल्यास भल्या मोठ्या खिडकीचा केवळ वरचा भाग वापरला जातो. अशा वेळी फाईलच बिघडली, असा समज होऊन पुष्कळ जण दिसणारी अक्षरे खोडू लागतात. वस्तुतः मजकूर सुरक्षित असतो. चुकलेले असते ते त्याचे दर्शन. ते दुरुस्त करण्याच्या नादात चांगला मजकूर नष्ट होतो, ही खरी हानी होय.

२. पार्श्वभूमी

आरंभी युनिक्सचे वापरकर्ते टेलीटाइप यंत्रावर काम करीत. मॉडेल ३३ या यंत्राच्या कागदावर एका ओळीत ७२ अक्षरे मावत. १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलच्या पडद्यावर सामान्यतः २४ ओळी आणि ८० स्तंभ असत. यंत्राचा प्रकार कळला की आकार कळे. म्हणून प्रत्येक प्रकाराची माहिती एका तक्त्यात नोंदवून ठेवणे पुरेसे होते. पुढे पडद्यावर ओढून लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आल्या. आकार आता काम चालू असतानाही बदलू लागला आणि तो प्रत्येक वेळी कळवणे आवश्यक झाले.

३. आकाराचा प्रवास

खिडकी किती मोठी आहे, हे आज्ञावलीला स्वतः दिसत नाही. तिला ते सांगावे लागते. हा निरोप पुढील क्रमाने जातो. खिडकी काढणारी टर्मिनल-आज्ञावली ओळी व स्तंभ यांची संख्या प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, कळवते. कर्नल ती नोंदवून ठेवतो आणि समोर चालू असलेल्या आज्ञावलीला ‘सिगविंच’ नावाचा संकेत धाडतो. संकेत मिळताच आज्ञावली नवी नोंद वाचते आणि पडदा पुन्हा रेखाटते.

एसएसएच वापरून दूरच्या संगणकावर काम करताना या साखळीत आणखी एक दुवा वाढतो. आपल्याकडील एसएसएच बदललेला आकार पलीकडे कळवतो आणि तेथील कर्नल आपली नोंद बदलतो. सीरियल तारेने जोडलेल्या संगणकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या तारेतून केवळ अक्षरे जातात. आकार कळवण्याची सोय तिच्यात नाही. तेथे नोंद शून्य असू शकते आणि मग अनेक आज्ञावली २४ ओळी व ८० स्तंभ गृहीत धरतात.

यावरून लक्षात येईल, की दोष शोधणे म्हणजे निरोप कोणत्या दुव्यापाशी अडला, हे शोधणे होय.

४. तपासणीचा क्रम

(अ) प्रथम खोडणे व टंकणे थांबवा. व्हीआयमध्ये आज्ञा देण्याच्या स्थितीत कंट्रोल आणि एल या कळा एकत्र दाबा. पडदा नीट झाला, तर केवळ चित्र जुने झाले होते. शंका असल्यास फाईल जतन न करता बाहेर पडा.

(आ) ‘एसटीटीवाय साइझ’ ही आज्ञा द्या. दोन संख्या मिळतील : पहिली ओळींची, दुसरी स्तंभांची. खिडकीच्या एका ओळीत प्रत्यक्ष किती अंक मावतात ते मोजून दुसरी संख्या ताडून पाहा.

(इ) संख्या चुकीच्या असल्यास खिडकी किंचित लहानमोठी करा, म्हणजे निरोप नव्याने जाईल. तरीही फरक न पडल्यास ‘एसटीटीवाय रोज ४० कॉलम्स १२०’ अशी आज्ञा देऊन कर्नलची नोंद स्वतः बदला. संख्या अर्थात आपल्या खिडकीच्या घालाव्यात आणि त्या इंग्रजी अंकचिन्हांत टंकाव्यात. सीरियल जोडणीत हाच मुख्य उपाय आहे. एक्सटर्मसोबत येणारी ‘रिसाइझ’ आज्ञा उपलब्ध असल्यास ती टर्मिनललाच आकार विचारून नोंद दुरुस्त करते.

(ई) संख्या बरोबर असूनही दोष राहिल्यास ‘लाइन्स’ व ‘कॉलम्स’ हे पर्यावरण-चल पाहा. त्यांची नावे मोठ्या रोमन अक्षरांत असतात. शेलच्या आरंभ-फाईलमध्ये कोणी त्यांना ठरावीक किंमत देऊन निर्यात केले असेल, तर काही आज्ञावली कर्नलऐवजी त्यांच्यावरच विश्वास ठेवतात. ती ओळ काढून टाका.

(उ) बॅश शेलमध्ये ओळ स्वतःवरच चढत असेल आणि अग्रसूचना रंगीत असेल, तर रंगाची न दिसणारी चिन्हेही शेल रुंदीत मोजत असण्याचा संभव आहे. ती चिन्हे उलट तिरकस रेघेसह चौकटी कंसांत घातली, की मोजणी सुधारते.

५. देवनागरीची विशेष अडचण

टर्मिनल पडद्याची विभागणी समान घरांत करते. रोमन अक्षराला एक घर पुरते. ‘किती’ या शब्दात मात्र आपल्याला दोन अक्षरे दिसत असली, तरी संगणकाच्या लेखी तेथे चार चिन्हे आहेत : क, ऱ्हस्व वेलांटी, त आणि दीर्घ वेलांटी. त्यांना किती घरे द्यावीत, याविषयी टर्मिनल आणि संपादक यांचे एकमत नसेल, तर कर्सर दिसतो एका जागी आणि असतो दुसऱ्या जागी. हा दोष आकाराच्या नोंदीत नसल्यामुळे वरील आज्ञांनी तो जात नाही. मराठी मजकुराचे बारीक संपादन अशा वेळी चित्ररूप संपादकात करणे श्रेयस्कर.

६. सारांश

आकाराची माहिती टर्मिनलकडून कर्नलकडे आणि तेथून आज्ञावलीकडे जाते. दोष दिसताच आधी थांबावे, मग नोंद तपासावी, शेवटी दुरुस्ती करावी. पडदा हा मजकूर नव्हे, हे ध्यानात ठेवल्यास लिहिलेले गमावण्याची वेळ येणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. सीरियल जोडणीत खिडकीचा आकार आपोआप का कळत नाही?
२. कर्नलची नोंद बरोबर असूनही पडदा चुकीचा दिसण्याची तीन कारणे स्पष्ट करा.
३. ‘पुस्तिका’ या शब्दातील चिन्हे वेगवेगळी लिहा व दिसणाऱ्या अक्षरांशी त्यांची तुलना करा.