सालाझार खुर्चीवरून पडला, राजवट मात्र टिकली

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यासाठी लढलेले मोहन रानडे मात्र पुढेही सात वर्षे लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते. मूळचे सांगलीचे रानडे गोव्यात सावईवेऱ्याला मराठीचे शिक्षक होते आणि आझाद गोमंतक दलात काम करत होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. सुधीर फडके यांची धडपड आणि तमिळ नेते अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांना घातलेले साकडे या सुटकेमागे होतेच. पण दरम्यान लिस्बनमध्येही एक बदल घडला होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आता सत्तेवर नव्हता.

हुकूमशहा गेल्यावर हुकूमशाहीचे काय होते? मुसोलिनीच्या इटलीत हा प्रश्न शांतपणे सुटलाच नाही, कारण मध्ये महायुद्ध आले. इटली युद्धात उतरलीच नसती आणि मुसोलिनी म्हातारपणी अंथरुणाला खिळला असता, तर काय झाले असते? याचा अंदाज बांधायला पोर्तुगालइतके जवळचे उदाहरण नाही. सालाझारने १९३३ मध्ये ‘नवे राज्य’ उभारताना कामगार कायद्याचा साचा इटलीतूनच घेतला होता. पुढे गणवेशधारी युवक संघटना आली, गुप्त पोलीसही होते. महायुद्धात तो तटस्थ राहिला आणि म्हणून टिकला.

ऑगस्ट १९६८ मध्ये तो खुर्चीवरून पडला. डोक्याला मार बसला, शस्त्रक्रिया झाली, मग पक्षाघात. सप्टेंबरअखेर मार्सेलो काएतानो पंतप्रधान झाला. सालाझार मात्र जुलै १९७० मध्ये मरेपर्यंत आपणच कारभार पाहतो आहोत अशा समजुतीत राहिला; ती मोडण्याची हिंमत भोवतालच्या माणसांना झाली नाही. काएतानोने काही कैदी सोडले, गुप्त पोलिसांचे नाव बदलले. पोलीस तेच राहिले आणि आफ्रिकेतल्या वसाहतींमधले युद्धही थांबले नाही.

राजवट कोसळली ती या युद्धामुळे. अंगोला, गिनी, मोझांबिक अशा तीन आघाड्यांवर वर्षानुवर्षे तरुण झिजत होते. गोव्यात काय झाले हेही अधिकाऱ्यांना ठाऊक होते. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. व्यर्थ रक्तपात टाळून शरण आलेल्या गव्हर्नर जनरल वासालो-ई-सिल्व्हाला पुढे सैन्यातून काढून टाकण्यात आले. अशक्य लढाई सरकारने लादायची आणि अपयशाचे खापर सैन्यावर फोडायचे, हा अनुभव अधिकारी विसरले नाहीत. २५ एप्रिल १९७४ रोजी कॅप्टन-मेजर दर्जाच्या अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि राजवट एका दिवसात संपली. वर्षअखेर पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

स्पेनचा रस्ता वेगळा. फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये वारला. त्यानेच वारस नेमलेल्या राजा हुआन कार्लोसने सुधारणेची बाजू घेतली. वर्षभरात फ्रँकोच्याच संसदेने स्वतःला मोडीत काढणारा कायदा संमत केला आणि जून १९७७ मध्ये निवडणुका झाल्या.

इटलीत दोन्ही वाटांची सामग्री होती. इथिओपिया आणि लिबियासारख्या वसाहती होत्या. उद्या तिथे बंडे पेटली असती, तर ती निस्तरायला इटालियन पोरेच गेली असती. दुसरीकडे राजा होता आणि सैन्याची शपथ राजाच्या नावाने होती. मुसोलिनीच्या वारसांची यादी ठेवण्याचा अधिकार १९२८ च्या कायद्याने फॅसिस्ट महापरिषदेकडे होता. पण मुसोलिनीने दुसरा कोणी मोठा होऊच दिला नाही. २५ जुलै १९४३ रोजी याच परिषदेने त्याच्यावर अविश्वास दाखवला, राजाने त्याला अटक करवली आणि लाखो सभासदांचा पक्ष प्रतिकार न करता विरून गेला. युद्धातल्या पराभवाने ही घडी लवकर आणली, एवढेच.

म्हणून माझा कौल असा : मुसोलिनीनंतर इटलीला एखादा काएतानो मिळाला असता. त्याने काही कैदी सोडले असते, वृत्तपत्रांना थोडी ढील दिली असती आणि पाच-सात वर्षे ढकलली असती. त्यानंतरचा निर्णय पक्षाने घेतलाच नसता. तो राजाने आणि बराकीतल्या अधिकाऱ्यांनी घेतला असता.