लंडनचं वार्तापत्र : टोपी फिरवणाऱ्यांसाठी एक नियम

तळवलीहून आतेभावाचा फोन आला की एक वाक्य ठरलेलं : "तुमच्याकडचे पुढारी तत्त्वाचे पक्के, आमच्याकडे उठसूट टोपी फिरवतात." अरे बाबा, इथे पार्लमेंटसमोर ज्याचा पुतळा आहे त्या चर्चिलनेच दोनदा पक्ष बदलला!

आपला त्याच्यावरचा राग १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचा, आणि तो राहणारच. पण माणसाची सुरुवात बघ. १८९६ साली फौजेतला हा पोरगा ससून डॉकला उतरला तोच खांदा निखळवून. वर्षभरात मलाकंडच्या मोहिमेत एका हाती पिस्तूल, दुसऱ्या हाती लेखणी. 'डेली टेलिग्राफ' स्तंभाला पाच पौंड द्यायचा. मग वार्ताहर म्हणून बोअर युद्धात गेला, पकडला गेला, कैदेतून पळाला आणि त्या गाजावाजावर १९०० मध्ये ओल्डहॅमचा खासदार झाला. खासदारांना १९११ पर्यंत पगार नव्हता. लेख आणि व्याख्यानं हीच रोजीरोटी.

१९०४ मध्ये हुजूर पक्ष सोडून हा सगळ्यांदेखत समोरच्या बाकावर, लिबरलांत जाऊन बसला. ना आपल्या २०२२च्या बंडातली सुरत, ना गुवाहाटी. १९२४ मध्ये पुन्हा हुजूर पक्षाच्या सरकारात मंत्री! पक्षांतरबंदीचा कायदा इथे आजही नाही. आपल्याकडे १९८५ पासून आहे, आणि त्याचा उपयोग काय झाला ते आपण बघतोच आहोत.

शेजारच्या आजोबांना मी तावातावाने आपल्याकडच्या पुढाऱ्याचं, गणेश नाईकांचं सांगितलं : आधी शिवसेना, १९९९ला राष्ट्रवादी, २०१९ला भाजप.
"मग मतदारांनी काय केलं?"
"त्याच वर्षी ऐरोलीतून निवडून दिलं."
"मग तुमची तक्रार कोणाबद्दल आहे?"
असा राग आला! म्हातारा शांतपणे चहात दूध ओतत होता.

पण खरी गोम त्यांनीच सांगितली. चर्चिलच्या काळात इथे मंत्रिपद मिळालं की बहुधा पुन्हा मतदारांपुढे उभं राहावं लागे. १९०८ मध्ये चर्चिल मंत्रिमंडळात गेला आणि मँचेस्टरने त्याला पाडला. मग डंडी गाठावी लागली. तिथेही १९२२ मध्ये हरला, तोही एका दारूबंदीवाल्याकडून! आपल्याकडे २०२२ मध्ये रातोरात सरकार फिरलं, तेव्हा नव्या मंत्र्यांपैकी कोणाला मतदाराचं दार वाजवावं लागलं?

इंग्रजांनी तो नियम १९२६ मध्ये मोडीत काढला. आपण त्यांचा वकिलाचा काळा कोट भर मे महिन्यात घालतो. उचलायचंच होतं तर हा नियम उचलायचा!